ओल्ड स्कूल रूनस्केप: तासन्‌तास झाडं तोडण्यात लोकांना एवढं काय मिळतं?

सांजवेळ:

ओल्ड स्कूल रूनस्केप हा ऑनलाइन खेळ जाणणाऱ्यांना विचारायचं आहे. माणसं ठोकळ्यांची, चित्रं २००७ सालची, लढाई म्हणजे शत्रूवर एकदा क्लिक करायचं आणि दोघांची आळीपाळीने चाललेली मारामारी बघायची. लाकूडतोडीत हात बसवायचा तर त्याच त्या झाडावर कुऱ्हाड चालवत राहायची. तरी लोक या खेळाला वर्षानुवर्षं धरून आहेत. जुन्या आठवणी हे कारण मला पुरत नाही. २०१८ मध्ये खेळ मोबाइलवर आला तेव्हा ज्यांनी तो पहिल्यांदा उघडला, त्यांच्या कसल्या आठवणी?

मग ओढ नेमकी कशाची? पैसे न भरता ती अनुभवता येते का? फोनवर दिवसाला तासभर मिळत असेल तर सुरुवात कोणत्या क्रमाने करावी, आणि नवखे कुठे फसतात? "खेळून बघा, कळेल" एवढंच लिहू नका, कृपया.

तांबट:

लांबेल, पण सगळं सांगतो.

या खेळाचा हिशेब उघडा आहे, हे पहिलं कारण. कुठल्या कामाला किती एक्सपी (अनुभवाचे गुण) ते ठरलेलं. साध्या झाडाचा एक ओंडका २५, ओकचा ३७.५, विलोचा ६७.५, यूचा १७५. कुठल्याही कौशल्यात लेव्हल २ साठी ८३ एक्सपी लागतात, ५० साठी १,०१,३३३, ७० साठी ७,३७,६२७ आणि शेवटच्या, म्हणजे ९९ साठी १,३०,३४,४३१. दर सात लेव्हलमागे आकडा साधारण दुप्पट होतो. त्यामुळे ९२ वर पोचलेला माणूस खरं तर निम्म्याच वाटेवर असतो (६५,१७,२५३). ऐकताना हे क्रूर वाटतं, पण त्यातच गंमत आहे. मेलात तरी मिळवलेला एक्सपी जात नाही. समोरून जाणाऱ्याच्या पाठीवर ९९ ची केप दिसली की ती कशी आली हे तिथल्या प्रत्येकाला कळतं. केपची किंमत ९९,००० नाणी, पण नाणी असून भागत नाही, आधी लेव्हल लागते.

दुसरं कारण मला याहून मोठं वाटतं. इथलं कोणतंही काम सुटं नाही. ट्राउट पकडायला पिसं लागतात, मासा भाजायला आग लागते, आगीला लाकूड, लाकडाला कुऱ्हाड, कुऱ्हाडीला धातूची कांब, कांबेला खाणीतलं खनिज. पोलादाच्या एका कांबेला एक लोखंड आणि दोन कोळसे जातात. नुसतं लोखंड वितळवलं तर निम्मं वाया जातं, म्हणून लोखंडाला नेहमी गिऱ्हाईक असतं. वॅरॉक शहरातल्या ग्रँड एक्स्चेंज या खेळाडूंच्या बाजारात हे सगळं विकलं जातं. तुमचा ओंडका कुणीतरी धनुष्यासाठी घेतो, तुमचा भाजलेला मासा कुणाच्या तरी शेवटच्या लढाईत खाल्ला जातो. काम कंटाळवाणं असेल, पण ते कुणाच्या तरी उपयोगी पडतं.

तिसरं, क्वेस्ट. "दहा लांडगे मारून ये" अशा कामांची यादी इथे नाही. प्रत्येक क्वेस्टला गोष्ट असते, कोडं असतं, आणि बक्षीस बऱ्याचदा शेकडो क्लिक वाचवतं. सुरुवात त्यांनीच करा. खेळ शिकवणाऱ्या ट्युटोरियल आयलंडवरून लंब्रिज गावात उतरलात की हा क्रम धरा:

कुक्स असिस्टंट. अंडं, पीठ, दूध. दुधाला रिकामी बादली आणि पिठाला रिकामं भांडं आधी हवं. गिरणीत गहू वरच्या मजल्यावरच्या हॉपरमध्ये (धान्याच्या नसराळ्यात) टाकून लिव्हर ओढायचा, मग खाली येऊन भांड्यात पीठ भरायचं. लिव्हर ओढायचा विसरून "पीठच येत नाही" म्हणणारे रोज दिसतात. बक्षीस ३०० कुकिंग एक्सपी.

डोरिक्स क्वेस्ट. ६ क्ले, ४ तांबं, २ लोखंड. लोखंड खणायला मायनिंग १५ लागतं, म्हणून ते दोन तुकडे विकतच घ्या. १,३०० मायनिंग एक्सपी मिळतात, म्हणजे पहिल्या लेव्हलवरून थेट दहाव्या.

व्हॅम्पायर स्लेयर. ४,८२५ अटॅक एक्सपी, शून्यापासून धरलं तर लेव्हल २०. खुंटी आणि हातोडा दोन्ही जवळ हवेत, नाहीतर काउंट ड्रेनॉर या व्हॅम्पायरवर शेवटचा घाव बसतच नाही. लसूण नेलात तर तो कमजोर होतो. त्याची लेव्हल ३४ आहे, तेव्हा पिशवीत अन्न भरून जा.

नाइट्स सोर्ड. मायनिंग १० लागतं आणि १२,७२५ स्मिदिंग (लोहारकाम) एक्सपी मिळतात, म्हणजे लेव्हल २९. ब्राँझची एक कांब वितळवून ६.२ एक्सपी मिळतात. भागाकार केलात की कळेल, एका क्वेस्टने दोन हजारांहून जास्त कांबा वाचवल्या. त्यात लागणारी रेडबेरी पाय (बेरी भरलेला खाऊ) बाजारात तयार मिळते. निळं ब्लुराइट खनिज बर्फाच्या गुहेत आहे आणि तिथले आइस वॉरियर स्वतःहून अंगावर येतात. खणायचं आणि निघायचं, लढत बसायचं नाही.

मधल्या वेळात रोमिओ अँड ज्युलिएट उरकून घ्या. लढाई नाही, एक्सपीही नाही, पण ५ क्वेस्ट पॉइंट आहेत. फुकट खात्यावर व्यापाराची काही बंधनं असतात. ती उठायला २० तास खेळ, एकूण लेव्हल १०० आणि १० क्वेस्ट पॉइंट लागतात. कुक १, डोरिक १, व्हॅम्पायर ३, रोमिओ ५: झाले बरोबर दहा.

एक चूक जवळजवळ सगळे करतात. तलवारीने लढताना कोणती शैली निवडली आहे ते बघतच नाहीत. अ‍ॅक्युरेट ठेवलं तर अटॅक वाढतो, अ‍ॅग्रेसिव्हला स्ट्रेंथ, डिफेन्सिव्हला डिफेन्स. प्रत्येक पॉइंट नुकसानामागे त्या कौशल्याला ४ एक्सपी जातात. दहा तास एकाच शैलीवर काढले की एक आकडा फुगतो आणि बाकीचे पायथ्याशीच राहतात.

लाकूडफाटा:

तांबट यांनी कुऱ्हाडीचं सांगितलं नाही, म्हणून पुरवणी. कुऱ्हाड हातात धरावी लागत नाही, पिशवीत असली तरी झाड तुटतं. लाकूडतोडीची लेव्हल मात्र हवी: पोलादी कुऱ्हाडीला ६, मिथ्रिल २१, अ‍ॅडमंट ३१, रून ४१ (हे तिन्ही खेळातले धातू). हातात धरायची तर त्यासाठी अटॅक वेगळा लागतो, रूनला ४०.

मग धरायची कशाला? पिशवीत जागा २८ असतात. कुऱ्हाड पिशवीत ठेवली की ओंडक्यांना २७ उरतात. विलोवर लेव्हल ३० ते ६० जायला २,६०,३७९ एक्सपी लागतात, म्हणजे सुमारे ३,८५८ ओंडके. २७ च्या पिशवीने १४३ फेऱ्या, २८ च्या पिशवीने १३८. पाच फेऱ्या हा आकडा छोटा आहे, पण असल्या छोट्या बचती शोधत राहणं हेच या खेळाचं वेड आहे. ड्रेनॉर गावातले विलो बँकेपासून चार पावलांवर आहेत, फोनवर तिथूनच सुरुवात करा.

ओंडके साठवायचे नसतील तर मोबाइलवर एका टॅपने वस्तू टाकायची सोय आहे, ती चालू करा. मासेमारीसाठी बार्बेरियन व्हिलेज बघा. फिशिंग २० ला ट्राउट, ३० ला सॅमन, दोन्ही एकाच जागी त्याच गळाला लागतात. पोर्ट सरिमच्या दुकानातून फ्लाय फिशिंग रॉड आणि भरपूर पिसं आधीच घेऊन जा. पिसं मध्येच संपली की सगळी वाट परत तुडवावी लागते.

सांजवेळ:

हे हवं होतं, आभार. क्रम पाळतोच आहे. एक शंका: लढाईत माझं क्लिक आणि प्रत्यक्ष हालचाल यांत किंचित अंतर पडतं. नेटचा दोष की खेळच असा? आणि लढाईत क्लिक करून बघत बसण्यापलीकडे काही आहे का?

सहादशांश:

अंतर खेळातच आहे, आणि लढाईचा सगळा जीव त्या अंतरात आहे.

सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्यांच्या हालचालींची दखल घेतो. त्या ठोक्याला टिक म्हणतात. तुम्ही कधीही क्लिक करा, कृती पुढच्या ठोक्यालाच होणार. म्हणून २०० मिलीसेकंद पिंगवरही (सर्व्हरपर्यंत संदेश जाऊन यायला लागणारा वेळ) हा खेळ नीट खेळता येतो. जिथे प्रत्येक मिलीसेकंद मोजला जातो असल्या नेमबाजीच्या खेळात तेवढ्या पिंगवर हाल होतात. इथे क्लिक ठोक्याआधी पोचलं की बास. पिंग कमी असण्यापेक्षा स्थिर असणं जास्त महत्त्वाचं. वर्ल्डच्या (खेळाच्या वेगवेगळ्या सर्व्हरच्या) यादीत प्रत्येकापुढे देशाचा झेंडा असतो, दोन-तीन ठिकाणचे वर्ल्ड बदलून बघा आणि ज्यावर धक्के बसत नाहीत तो धरा.

शस्त्रांची गतीही ठोक्यांत मोजतात. सिमिटार (वाकडी तलवार) ४ ठोके, म्हणजे २.४ सेकंद. लाँगस्वोर्ड ५, दोन हातांची तलवार ७. नवखे मोठ्या तलवारीचा मोठा आकडा बघून ती घेतात आणि मग वार पडेपर्यंत वाट बघत बसतात. फुकट खेळात अटॅक ४० झाला की रून सिमिटार घ्या. मध्येच अन्न खाल्लंत तर पुढचा वार ३ ठोके लांबतो. म्हणून घाबरून एकापाठोपाठ एक मासे खाणारा जिवंत राहतो, पण शत्रूही जिवंत राहतो.

यापुढची पायरी बघायची तर मेंबरांसाठी (पैसे भरून खेळणाऱ्यांसाठी) फाइट केव्ह्ज आहे. शत्रूंच्या ६३ लाटा, आणि शेवटच्या लाटेत एकटा टझटॉक-जाड हा राक्षस. तो एका फटक्यात ९७ पर्यंत मारू शकतो आणि तुमचा जीव फार तर ९९. बचाव प्रार्थनेचा: जादूचा हल्ला येत असेल तर प्रोटेक्ट फ्रॉम मॅजिक, पाय जमिनीवर आपटले तर प्रोटेक्ट फ्रॉम मिसाइल्स. प्रार्थना बरोबर असेल तर नुकसान शून्य. प्रेयर ४३ असेल तर तिन्ही बचाव हाताशी असतात.

चुका ठरलेल्या आहेत. आधीच चालू असलेल्या प्रार्थनेवर घाईत पुन्हा बोट पडतं आणि ती बंद होते. प्रेयर पॉइंट संपत आले आहेत हे बघितलेलं नसतं. जाडचा जीव निम्म्यावर आला की चार हीलर येतात आणि त्याला बरं करू लागतात. त्यांना एकेक फटका देऊन आपल्याकडे ओढायचं असतं, पण त्या गडबडीत जाडवरची नजर हटते आणि बहुतेक जण तिथेच मरतात. मेलात की पहिल्या लाटेपासून सुरुवात, मध्ये कुठे थांबा नाही. (दोन लाटांच्या मध्ये लॉगआउट केलं तर खेळ थांबून राहतो, हे फोनवाल्यांनी लक्षात ठेवा.)

शत्रूच्या दोन हालचाली ओळखायच्या आणि दोन बटणं बदलायची, एवढीच ही लढाई. तरी हात थरथरतात, कारण मागे बासष्ट लाटांचा वेळ पणाला लागलेला असतो. झाडं तोडणं आणि हे या एकाच खेळाच्या दोन बाजू आहेत. आधीचे संथ तास नसते तर या दोन मिनिटांना वजन आलं नसतं.

कुलूपकिल्ली:

फसण्याचं कुणी सविस्तर लिहिलं नाही, म्हणून मी लिहितो. नवख्यांचं नुकसान राक्षसांपेक्षा माणसं जास्त करतात.

वॅरॉक आणि एजव्हिलच्या उत्तरेला एक चर आहे. तो ओलांडला की वाइल्डरनेस, तिथे दुसरे खेळाडू तुम्हाला मारू शकतात. किती फरकापर्यंत ते त्या जागेच्या लेव्हलवर ठरतं. वाइल्डरनेस लेव्हल १० असेल तर तुमच्या लढाऊ लेव्हलपेक्षा दहा वर-खाली असलेला कुणीही. २० च्या पुढे नेहमीचे टेलिपोर्ट (क्षणात दुसऱ्या जागी नेणारी जादू) चालत नाहीत. मेलात तर सगळ्यात महाग तीन वस्तू तुमच्याकडे राहतात, बाकीच्या मारणाऱ्याच्या हाती जातात. तुम्ही आधी हल्ला केला असेल तर डोक्यावर कवटी येते आणि तिन्हीही जातात. "चल, तुला छान जागा दाखवतो" म्हणून चांगलं चिलखत घातलेल्या नवख्याला उत्तरेकडे नेणारे बरेच असतात. चर ओलांडताना अंगावर फक्त तीन वस्तू ठेवा, हा साधा नियम.

वाइल्डरनेसबाहेर मरण एवढं वाईट नाही. थडगं उभं राहतं आणि वस्तू परत न्यायला १५ मिनिटं मिळतात.

पैसे दुप्पट करून देणारा, चिलखताला सोनेरी काठ लावून देणारा, फुकट बाँड (मेंबरशिप मिळवून देणारी वस्तू) वाटणारा: सगळे लुटारू, यात अपवाद नाही. व्यापाराच्या दोन खिडक्या येतात. पहिल्या खिडकीत लुटारू शेवटच्या क्षणी वस्तू बदलतात, म्हणून दुसरी शब्दन्‌शब्द वाचायची.

खात्यासाठी तीन कामं पहिल्याच दिवशी करा: ऑथेंटिकेटर (लॉगिनसाठी जादा कोड देणारं अ‍ॅप), बँकेला चार आकडी पिन, आणि दुसरीकडे कुठेही न वापरलेला पासवर्ड. कॉम्प्युटरवर लोक रूनलाइट नावाचा क्लायंट (खेळ चालवायचं सॉफ्टवेअर) वापरतात. त्याला परवानगी आहे आणि तो चांगला आहे. पण त्याच्या नावाने नकली साइट निघतात. जाहिरातीवर क्लिक करून तो उतरवू नका. आपोआप क्लिक करणारी साधनं आणि खऱ्या पैशांनी नाणी विकत घेणं या दोन्हींवर खातं बंद होतं. लाकूडतोडीचे तीनशे तास त्याबरोबर जातात.

उंबरठा:

सांजवेळ यांच्या मूळ प्रश्नाकडे परत येतो. वरच्या सगळ्यात एक बाजू सुटली: या जगावर लोकांचा विश्वास का बसतो.

रूनस्केप २००१ मध्ये केंब्रिजच्या गोवर बंधूंनी आणला. नोव्हेंबर २०१२ मध्ये जॅजेक्स कंपनीने लढाईची पद्धतच बदलली आणि जुने खेळाडू दुखावले. कंपनीकडे ऑगस्ट २००७ ची एक जुनी प्रत शिल्लक होती. ती सुरू करायची का यावर मतदान झालं, साडेचार लाखांच्या आसपास मतं पडली आणि २२ फेब्रुवारी २०१३ ला ओल्ड स्कूल उघडलं. तेव्हापासून मोठी भर घालायची तर खेळाडूंचं मत घेतात. आधी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७० टक्के. सेलिंग हे कौशल्य २०१५ मध्ये मतदानात पडलं, २०२३ मध्ये पास झालं आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये खेळात आलं. तेव्हा कौशल्यं २३ ची २४ झाली. तीनशे तास घालवायचे तर उद्या कुणी नियम बदलून ते मातीमोल करणार नाही अशी खात्री लागते, आणि मतदान ती बऱ्याच अंशी देतं. माझ्या मते आकर्षणाचं मूळ इथे आहे, चित्रांच्या जुनेपणात नाही.

एका बाबतीत तांबट यांच्याशी थोडा मतभेद आहे. हिशेब उघडा आहे हे खरं, पण तो स्वतः मांडला तरच. ताशी ४०,००० एक्सपीचा वेग धरा. लेव्हल ७० ला साधारण साडेअठरा तास लागतात आणि ९९ ला सव्वातीनशेच्या वर. दिवसाला तासभर म्हटलं तर पहिलं तीन आठवड्यांत, दुसरं जवळजवळ वर्षभरात. "अजून एकच लेव्हल" हे वाक्य ७० च्या आधी आणि ९० च्या नंतर सारखंच ऐकू येतं, पण त्याची किंमत कितीतरी पटींनी वाढलेली असते. म्हणून बसण्याआधी लेव्हल ठरवू नका, ओंडके किंवा फेऱ्या ठरवा. पाच पिशव्या म्हणजे पाच पिशव्या.

नशिबाच्या वस्तूंचंही तेच. हिल जायंट या राक्षसाकडून 'जायंट की' ही किल्ली मिळण्याची शक्यता १/१२८ आहे. लोक समजतात, १२८ मारले की मिळणारच. गणित वेगळं आहे: १२८ मारल्यावर ती मिळालेली असण्याची शक्यता सुमारे ६३ टक्के, ३८४ मारल्यावर ९५. म्हणजे वीसातला एक जण ३८४ नंतरही रिकाम्या हाताने बसलेला असतो, आणि पुढच्या जायंटसाठी त्याची शक्यता तेवढीच, १/१२८. "आता येईलच" या भावनेला काही आधार नाही. किल्ली हवीच असेल तर अंतर ठेवून मारा आणि हाडं पुरत जा, म्हणजे निदान प्रेयर तरी वाढत राहतं.

सांजवेळ:

फेऱ्या ठरवायचं पटलं. शेवटचं विचारतो: मेंबरशिप कधी घ्यावी?

तांबट:

फुकट खेळात १५ कौशल्यं आहेत, तेवढ्यात खेळाचा स्वभाव कळतो. ड्रॅगन स्लेयर हा क्वेस्ट गाठेपर्यंत पैसे भरू नका. त्याला ३२ क्वेस्ट पॉइंट लागतात, म्हणजे फुकट क्वेस्टांपैकी बरेचसे आधी करावे लागतात. नकाशाचे तीन तुकडे गोळा करून क्रँडॉर बेटावर जायचं आणि एल्वार्ग या ड्रॅगनला मारायचं. लंब्रिजच्या ड्यूक होरेशिओकडून अँटी-ड्रॅगन ढाल घ्यायला विसरू नका. तिच्याशिवाय ती आग झेपत नाही. हा क्वेस्ट करताना मजा आली तर पुढचं जग तुमच्यासाठी आहे. नाही आली तर मेंबरशिपने येणार नाही.

त्यानंतर हवं तर खेळातल्या नाण्यांनी बाजारातून बाँड घ्या. एका बाँडमध्ये १४ दिवस मिळतात. पहिल्याच दिवशी वॉटरफॉल क्वेस्ट करा: अटॅक आणि स्ट्रेंथ दोन्हींना १३,७५० एक्सपी, आणि आधीची कुठलीही लेव्हल लागत नाही. दोरी घ्या, एअर, वॉटर आणि अर्थ रून (जादूचे दगड) प्रत्येकी ६. याच क्वेस्टमधल्या ग्लॅरियलच्या थडग्यात मात्र शस्त्र, चिलखत आणि रून यांपैकी काहीही नेता येत नाही. रून बँकेत ठेवून तिथे जा, परत येताना उचला आणि मगच धबधब्याकडे वळा.